मिठागराच्या काट्यावर

दादा, यांनी सांगितलेलं एक वाक्य मला लिहायचंय आणि दुपारपासून माझा हात तिथेच अडला आहे.

परवा तुझं दहावं. त्या संध्याकाळी गावात व्यायामशाळेसमोर शोकसभा आहे आणि तिथे हे बोलणार आहेत. यांची बोटं आता पेन धरत नाहीत, तुला ठाऊकच आहे. वर्षानुवर्षं ठोसे मारून सांधे असे सुजलेत की सदऱ्याची बटणंसुद्धा मीच लावते. म्हणून यांनी सांगायचं आणि मी लिहायचं असं ठरलं. माझी चौथीपर्यंतची शाळा अशी अधूनमधून कामाला येते. सगळं नीट चाललं होतं. तुझा डावा हात लिहून झाला, अनवाणी पायांनी दोरीवर उड्या मारणं लिहून झालं. मग हे हसले आणि म्हणाले, "आता लिही. गणपतला कोणीच हरवू शकला नाही. हरवलं ते फक्त पेजेनं. वजनाच्या दिवशी तांब्याभर पेज पिऊन आला आणि माझी फायनल फुकट गेली."

मी "कोणीच हरवू शकला नाही" इथपर्यंत लिहिलं आणि म्हटलं, स्टोव्हवर भात आहे.

भात केव्हाच झाला. हे आत पडलेत. मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर तुला लिहितेय. बाज करकरली की वही तांदळाच्या डब्याखाली सरकवायची, म्हणून एक कान तिकडे आहे. इतकी भीती मला तुझ्या घरी तुला खाली ठेवलं होतं तेव्हाही वाटली नव्हती. बायका म्हणत होत्या, पारूला रडूच येत नाय, दगड झाली. खरं आहे. रडायला गेले की ते वजन डोळ्यांपुढे येतं आणि रडू मागे जातं.

तू आणि हे. लोकांना दुसरा विषय आहे का? मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची वाट बघणारे असोत की आपल्या गावच्या पारावर बसणारे, बॉक्सिंगचं नाव निघालं की तुम्ही दोघं. आपल्या खाडीकडच्या गावांतून दोन पोरं निघाली आणि दोघांनीही एकदासुद्धा हार खाल्ली नाही. हे बंदरातल्या नोकरीत राहून बॉक्सिंग खेळले. खूप वर्षं खेळले, लांब लांब गेले, मिलिटरीतल्या तयार गड्यांशी लढले. कुणाला जमिनीवर पाडलं असं फारसं नाही. समोरचा मारून मारून दमायचा आणि हे पॉइंटवर जिंकून घरी यायचे. फळीवर कप आहेत, पेपरातली कात्रणं मीच पिठाच्या खळीनं चिकटवलीत. तुझं तसं काहीच नाही. तू दोनच हिवाळे खेळलास. एक कप होता, त्यात वहिनी विरजण लावते. पण तुझी लढत ज्यांनी पाहिली ते अजून उठून उभे राहतात आणि करून दाखवतात, असा उभा होता, असा डावा आला, आणि तो गडी असा पडला.

मग कुणीतरी म्हणतंच, "पन मोठा कोन?"

आणि कुणीतरी उत्तर देतंच, "मोठा तो, जो वजनात बसला." हशा होतो. वाद तिथे संपतो. गेली सोळा-सतरा वर्षं तो तिथेच संपतोय, दादा, आणि तो मी संपवलाय.

माझं लग्न ठरलं होतं ते दिवस आठव. साखरपुडा झाला आणि आठवड्याभरात कळलं की मुंबईच्या स्पर्धेत साठ किलोच्या गटात एका बाजूने तू फायनलला आलायस आणि दुसऱ्या बाजूने हे. आधी सगळे हसले. मग माझ्या होणाऱ्या सासूबाई आपल्या अंगणात येऊन बसल्या. पाण्याला हात लावला नाही.

"जावयाच्या थोबाडावर हात टाकनारा मेव्हना आमाला नको," त्या म्हणाल्या. "पोराला लागलं त नवरी तुमच्याच घरी ठेवा."

बाबांनी मान खाली घातली. तू भिंतीला टेकून हाताला पट्टी गुंडाळत होतास. म्हणालास, "रिंगमधे जावय नसतो, मावशी. बाहेर आल्यावर पाय धुतो त्यांचे."

"गना, तू उतरू नको," बाबा म्हणाले.

"उतरनार."

तू जिंकलास तर माझं लग्न मोडणार होतं. हरलास तर मी कोणत्या तोंडाने त्या घरात नांदणार होते? तुझं नाक फोडणाऱ्याच्या ताटात वाढायचं? मी तेव्हा अठराची होते आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. विचारलं असतं तरी मी बोलले नसते. लहानपणापासून माझा आवाज घशातच राहतो.

फायनलच्या सकाळी मुंबईत वजन व्हायचं होतं. आदल्या दुपारपासून तू पाण्याचा थेंब घेतला नव्हतास. ओठ मिठागरातल्या चिखलासारखे भेगाळले होते. उजाडताना तू मला उठवलंस. मिठागरावर गोण्या तोलायचा मोठा काटा होता, खाली लोखंडी फळी आणि वर रेघांची दांडी. ती दांडी वाचायला तू मलाच न्यायचास. तुला लहान वयात मिठावर कामाला घातलं म्हणून मला शाळा मिळाली. घरातली एकुलती चौथी माझी होती.

तू फळीवर उभा राहिलास. मी दांडीवरचं वजन हळूहळू सरकवलं. ते साठच्या अलीकडे एका रेघेवर थांबलं. एकच रेघ, दादा. दोन पेले पाणी प्यायला असतास तर गेली असती.

"किती गो?"

"साडेअठ्ठावन्न."

"खरं?"

"मंग? चौथी शिकलेय मी."

"आयला, मंग दीड किलो हाय की हातात!" तू फळीवरून उडी मारलीस आणि माझी वेणी ओढलीस. इतका आनंद झाला तुला.

घरी आलास आणि हंड्यातून तांब्या भरून पाणी प्यायलास. तुझा घसा वर-खाली होताना मी बघत होते. एकदा तोंड उघडलं होतं मी. आईने पेज पुढे केली, भाजलेली सुकट दिली, तांदळाची भाकरी दिली. "दमानं खा रे," ती म्हणाली. मी चुलीपाशी बसून राख सारखी करत होते. मग तू मोऱ्याची लाँच गाठायला गेलास.

पुढचं मी तुझ्याबरोबर गेलेल्या माणसांकडून ऐकलं. तिथल्या काट्यावर तू जास्त भरलास. त्यांनी वेळ दिला, तू अंगात घोंगडी गुंडाळून जिन्यावरून पळत राहिलास, तरी घाम येईना, कारण अंगात घाम उरला नव्हता. यांना पुढे चाल मिळाली. न लढता कप. तू म्हणालास, आमच्या मिठागराचा काटा खोटा असेल. तेव्हा कुणीतरी म्हणालं, काटा खोटा का तोंड मोठं? त्या दिवसापासून तू पेजवाला.

लग्न मोडलं नाही. मांडवात तू कानपिळीला उभा राहिलास, यांचा कान धरलास आणि मागून कुणीतरी ओरडलं, "राउंड एक!" सगळा मांडव हसला. हे हसले, तूही हसलास. मी मुंडावळ्यांआडून तुझं तोंड बघत होते. तू कान जरा जास्तच वेळ धरलास असं मला वाटलं. मला सगळंच तसं वाटतं.

त्याच पावसाळ्यानंतर बाबांना लकवा झाला. व्यायामशाळेचे मास्तर तुला दोनदा बोलवायला आले. तू "पुढच्या वर्साला" म्हणालास. ते वर्ष आलंच नाही.

मला वाटलं होतं, कधीतरी सांगेन. तू दर गौरीला मला न्यायला यायचास आणि जेवायला बसलात की तुमचं दोघांचं सुरू.

"दाजी, तुमी लोकांना दमवून जिंकलात, मी झोपवून."

"झोपवलेले कोण? उरण-पनवेलचे. मिलिटरीवाला समोर आला असता म्हणजे कळलं असतं."

"मंग पाठवायचा होता एखादा. मी कुठं नाय म्हटलं?"

"आधी वजनात बस, गणपतशेठ!"

तू हसायचास. मोठ्याने हसायचास. आणि मी आणखी भात वाढायला पुढे झाले की हात ताटावर धरायचास. आमच्या घरी तू कधी दुसऱ्यांदा भात घेतला नाहीस. तुझ्या घरी घ्यायचास. मी पाहिलंय.

एक गोष्ट मला कुरतडते. मिठागरं गेली, जमिनी नव्या शहरात गेल्या आणि तू वाशीच्या मार्केटात गोण्या उचलायला लागलास. मी एकदा यांच्याबरोबर तिकडे आले होते. कांद्याच्या साली उडत होत्या आणि तू घामाने भिजलेला, खांद्यावर गोणपाट. मला बघून इतका खूश झालास की हात धरून थेट काट्यावर उभं केलंस.

"हललीस त बग. आता मी वाचतो." तू डोळे बारीक केलेस. "बावन्न. बरोबर?"

"बरोबर."

"बग! चौथी न शिकता." तोलणाऱ्याने शिकवलं म्हणालास. मग दांडीकडे बघतच बोललास, "काट्यावरचं वजन कुठं थांबलं, ते डोळ्यापुढनं जात नाय गो. वाचता येवो का न येवो."

तेवढ्यात ट्रक लागला आणि तू गेलास.

तुला काय म्हणायचं होतं, दादा? त्या पहाटे तूही दांडीकडे बघत होतास. वाचता येत नव्हतं, पण डोळे होते. रेघा वाचायला शिकल्यावर तू ती जुनी रेघ वाचलीस का? वाचली असशील, तर त्यानंतरही दर गौरीला मला न्यायला आलास, माझ्या मुलाच्या बारशाला चांदीचा वाळा आणलास, आणि यांच्या विनोदावर माझ्यासमोर हसलास. नसशील वाचली, तर स्वतःला खादाड समजतच गेलास. यातलं कोणतं खरं असावं असं मला वाटतं, तेही मला सांगता येत नाही.

तिसऱ्या दिवशी मी तुझ्या घरून निघत होते तेव्हा तुझी सुरेखा मागच्या दाराशी आली. डोळे सुजलेले. यांना ती मामा म्हणते.

"आत्या, मामा सभेत तो पेजेचा किस्सा सांगनार का?"

"का गो?"

"शाळेत पोरी मना पेजवाल्याची म्हनतात. बाबा होता तवा काय वाटायचं नाय. तोच हसायचा." मग हळूच विचारलं, "पन बाबा खरंच इतका खादाड होता?"

मी म्हटलं, एस.टी. चुकेल. आणि निघाले. तुझ्या मुलीला इतकं साधं उत्तर मी दिलं नाही.

यांना सांगायला हवं. सांगितलं तर यांचं काय होईल? त्या फायनलचा कप यांच्या फळीवर मधोमध आहे. हे म्हणतात, मी कधी हरलो नाही, आणि असं म्हणताना यांची पाठ ताठ होते. बंदरात साहेबसुद्धा खुर्ची देतात ती त्यासाठीच. तुला तुझं परत द्यायचं तर यांच्यातलं काढून द्यावं लागणार. आणि मग मला घरात ठेवतील का, हाही विचार येतो. इतकी वर्षं झाली, तरी येतो. बाज करकरली.

*

दादा, काल सांगितलं. आज दिवेलागणीला तुझी सभा झाली. सगळं क्रमाने सांगते.

काल सकाळी हे चहा पिऊन बसले. "कुठवर आलो होतो?"

"मी पुढचं लिहिणार नाही."

"का? गंमत आहे ती. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"खोटी आहे."

आणि सांगितलं. किती वेळ लागला कोण जाणे. यांनी एकदाही अडवलं नाही. मी थांबले तेव्हा यांनी पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, "खरं किती होतं?"

"साठला एक रेघ कमी."

यांनी मनात हिशेब केला असावा, कारण ओठ हलले. "म्हणजे बसला असता."

"हो."

"आणि तू कोणाला वाचवलंस? त्याला की मला?"

मी म्हटलं, "मला."

हे उठले, वहीतलं भाषणाचं पान फाडून खिशात घातलं आणि धक्क्यावर जाऊन बसले. जेवायला आले नाहीत. संध्याकाळी आले, जेवले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. आज सकाळी बटणं लावायला मी पुढे झाले तर हात बाजूला केला आणि स्वतः लावत बसले. पाच बटणांना केवढा वेळ. मी दारात उभी राहून बघत होते. सभेत काय बोलणार, हे विचारायची हिंमत नव्हती.

सभेला गाव लोटलं होतं. मास्तरांना खुर्चीवर बसवून आणलं होतं. बायका मागे ताडपत्रीवर. वहिनी आणि सुरेखा माझ्या पुढच्या ओळीत. हे उठले, पान काढलं आणि वाचलं, "गणपतला कोणीच हरवू शकला नाही." पान घडी करून खिशात ठेवलं.

"पुढे मी एक किस्सा सांगतो, तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. तो खोटा आहे. गणपत त्या सकाळी वजनात बसत होता. त्याला वजन चुकीचं सांगितलं गेलं, म्हणून तो जेवला. कुणी सांगितलं ते विचारू नका."

कुजबुज सुरू झाली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "कप कुनाला मिळाला ते बगा म्हंजे कलंल कुनी सांगितलं!" दोघेतिघे हसले. "दाजींनीच काटा फिरवला वाटतं!"

हे उभे राहिले तसेच. ज्या माणसाने आयुष्यात एकही ठोसा चुकवायचा सोडला नाही, तो तिथे हात खाली सोडून उभा होता, दादा. मी उठले कशी ते मला आठवत नाही. पुढच्या बाईच्या खांद्याचा आधार घेतला.

"यांनी नाही. मी."

"जोरात बोल, पोरी," मास्तर म्हणाले.

"मी वाचलं होतं वजन. मिठागराच्या काट्यावर. साठच्या आत होता दादा. मी साडेअठ्ठावन्न सांगितलं. मला लग्न मोडायला नको होतं."

कुणी हसलं नाही. वहिनीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुढे पाहिलं. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. बोलेल असं वाटत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते. सुरेखाने मात्र ताडपत्रीवरून हात मागे आणला आणि माझं पाऊल धरून ठेवलं. रागाने की कशाने, मला कळलं नाही. मी पाय हलवला नाही.

मास्तरांनी बराच वेळ काठीवर हनुवटी टेकली होती. मग म्हणाले, "म्हंजे ती फायनल अजून व्हायचीच हाय."

एवढंच म्हणाले, आणि जणू कुणी घंटा वाजवली. पहिला म्हणाला, गनपतचा डावा एकदा बसला असता म्हंजे खेल खलास. दुसरा म्हणाला, बसू दिला असता तर ना. तिसरा उठून तू कसा उभा राहायचास ते करून दाखवायला लागला, चौथ्याने त्याला खाली बसवलं की तसा नाय, पाठ जरा वाकलेली. शोकसभा आहे हे कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सतरा वर्षं जो वाद हशावर संपायचा, तो आज संपेचना.

कुणीतरी यांनाच विचारलं, "तुमी सांगा. कोन जिंकला असता?"

हे म्हणाले, "पहिल्या राउंडमधून वाचलो असतो, तर..."

"तर काय, मामा?" हे सुरेखाने विचारलं. सगळ्यांदेखत, मोठ्याने.

"तर दुसरा राउंड होता," हे म्हणाले. "आणि त्यातही समोर तुझा बाप होता."

मग तर सगळेच तुझ्या बाजूचे झाले. म्हातारे, तरणे, ज्यांनी तुला कधी पाहिलंही नाही ते. पहिल्याच राउंडमध्ये झोपवला असता म्हणाले, अर्ध्या मिनिटात म्हणाले. हे ऐकत होते, मान हलवत होते आणि सुजलेल्या बोटांनी सदऱ्याचं एक बटण फिरवत होते. यांच्या बाजूने बोलायला कुणीच उरलं नव्हतं. मी अजून उभीच होते. तेव्हा, दादा, मला माफ कर. मी म्हटलं, "पण पायांचं काम यांचंच चांगलं होतं. अर्ध्या मिनिटात काही सापडले नसते."